परत द्यायचा डबा

४ फेब्रुवारी, दुपार

प्रिय खटपट्यास,

ताईचे भरभरून आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा दुखतो तेवढाच दुखतो, ती त्याबद्दल बोलते मात्र दुप्पट. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण बरी नसली तरी तू कळवणार थोडाच आहेस.

तुझी चिठ्ठी मिळाली. पत्र म्हणत नाही मी तिला, चार ओळींना कोण पत्र म्हणतं? पण त्या चार ओळी वाचून मी शेडमध्येच ओरडले. डबे धुणाऱ्या बायका धावत आल्या, त्यांना वाटलं माझा हात मशीनमध्ये गेला. म्हटलं, "अगं, भाऊ त्याच्या ऑफिसात मुख्य होणार माझा! महिनाअखेरीला मोठ्या कंपनीची माणसं घेऊन इथे येतोय, आपला डबा त्यांना दाखवायला. त्यांना पसंत पडला की तोच डबा त्यांच्या अख्ख्या शहरात फिरणार." एकीने लगेच विचारलं, मग आमचा पगार वाढणार का. माणसं कशी सरळ असतात बघ.

मनापासून अभिनंदन. खरंच. माझ्या आनंदावर शंका घेऊ नकोस.

तू म्हणशील ताईने फोन का नाही केला. फोनवर तू "ताई, थोडक्यात सांग" म्हणतोस. मग मला थोडक्यात फक्त भांडता येतं. कागद बरा, तो मध्ये बोलत नाही.

आता तू विचारलेलं. शेडच्या मागच्या भिंतीला निळ्या डब्यांची छतापर्यंत चळत लावून फोटो काढून पाठव, म्हणालास. ते बघते. उजेड बरा पडला की काढते. इथे हल्ली वाफ फार असते, भिंत नीट दिसतच नाही.

थांब, मशीनची घंटा झाली.

आले. काम जोरात आहे. म्हणजे, मशीन चालू आहे. गावातल्या सगळ्या खानावळी अजून योजनेत आहेत. गिऱ्हाईक डब्यातून जेवण घरी नेतं, डबा कुठल्याही खानावळीत परत टाकतं, आपली हातगाडी तो शेडमध्ये आणते, आपण उकळत्या पाण्यातून काढून वाळवून पुन्हा पाठवतो. फुटका निघाला तर साचेवाल्याकडे जातो, तो त्याचा चुरा करून वितळवून त्याचाच नवा डबा ओततो. कचऱ्यात काही नाही, नदीत काही नाही, नवीन प्लास्टिक जवळजवळ नाहीच. तुला कशाला सांगतेय मी? तूच मला हे सांगितलं होतंस, स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने गोल काढून. आईने तो गोल आठवडाभर पुसू दिला नव्हता.

लोकांना डबा आवडतो. आवडतो म्हणजे काय, जीव टाकतात. परवा शिंप्याकडे गेले होते, त्याच्या फळीवर तुझे निळे डबे ओळीने, बटणांनी भरलेले. म्हणाला, "काय डबा केलाय तुमच्या भावाने! झाकण लावलं की टक् वाजतं, मन शांत होतं." दातांच्या डॉक्टरकडे त्यात कापूस. शाळेत खडू. एका बाईने तर खिडकीत त्यात रोप लावलंय. मी खालून बघत उभी राहिले. अभिमान वाटला, आणि मनातल्या मनात डबे मोजायलाही लागले.

मोजायला का लागले, ते तुझ्या ध्यानात येईलच. तू हुशार आहेस. शिंप्याकडे असलेला डबा खानावळीत नसतो.

पण ते असू दे. तू तयारी कर. फोटोचं मी बघते म्हटलंय ना.

तुझी,
ताई

ता. क. आई विचारते, येशील तेव्हा राहणार आहेस की त्या माणसांबरोबर लगेच निघणार. तिला मी सांगितलं, राहील. खोटं ठरवू नकोस मला.


१३ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय खटपट्या,

आशीर्वाद, आणि तुझं एका शब्दाचं उत्तरही पोचलं. "फोटो?" वा! कागद वाचवतोस, चांगलं आहे, तुझ्या धंद्याला शोभतं.

फोटो नाही. कारण चळत नाही. चळत नाही कारण डबे नाहीत. झालं, बोलले एकदाचं. इतके दिवस मी ताकाला जाऊन भांडं लपवत होते, आणि इथे तर लपवायला भांडंही शिल्लक नाही.

उभ्याने लिहितेय हे. बसलं की पाय आपोआप हलायला लागतात. आई म्हणते, तुझ्या अंगात काय शिरलंय, एका जागी टिकत नाहीस. खरंय तिचं. पोळपाट घ्यायला उठते आणि खिडकी पुसून परत येते.

मागच्या महिन्यात खानावळवाल्यांची बैठक झाली. कोपऱ्यावरच्या खानावळीच्या काकू तुला आठवतात ना, त्याच त्यांच्या पुढारी. बाई मोठ्या मनाच्या, पण त्या दिवशी तोंडावर बोलल्या. "ताई, डबे जातात आणि येत नाहीत. मी गिऱ्हाइकाला जेवण काय ओंजळीत देऊ? फेब्रुवारीअखेरपर्यंत डबे फिरायला लागले तर ठीक, नाहीतर आम्ही आपले पुन्हा पातळ पिशव्या आणि फेकायची खोकी घेणार." बाकीच्यांनी माना डोलावल्या. म्हणजे तुझी माणसं ज्या दिवशी येणार, साधारण त्याच दिवशी ही योजनाच बंद. मी तुला कळवणार होते. लिहायला बसले की अभिनंदनच लिहून व्हायचं.

मी गप्प बसले नव्हते हं. आधी अनामत वाढवली. म्हटलं, पैसे अडकले की आणतील. कसलं काय! लोकांनी हसत हसत भरली आणि जाताना म्हणाले, एवढ्याला एवढा चांगला डबा, स्वस्तच पडला. मी कपाळावर हात मारला. मग पाट्या लावल्या. मग शाळेत जाऊन मुलांना सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मधल्या सुट्टीत तुझ्या निळ्या डब्यातून खाऊ खाल्ला.

शेवटी म्हटलं, घोडं कुठे पेंड खातंय ते घरोघरी जाऊन बघू. हातगाडी घेऊन मी स्वतः निघाले. दार उघडलं की मी विचारायचे, डबा आहे का आमचा? कोणी नाही म्हणायचं नाही. चोर कोणीच नाही यात, हीच तर पंचाईत. एका पेन्शनर मास्तरांच्या बायकोने मला आत नेऊन कपाट उघडून दाखवलं. चकचकीत धुतलेले, पुसलेले, झाकणं लावलेले, एकावर एक. म्हटलं, "काकू, मग परत का नाही केले?" त्या अगदी शरमल्या. म्हणाल्या, "अगं, रिकामा डबा कसा परत करायचा? काहीतरी घालून द्यावं म्हणून ठेवलेत. रोज ठरवते, आणि राहून जातं."

मी जिन्यात बसले रे. तिथेच. कारण हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय. आपल्याच घरात, आईच्या तोंडून.

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. फेकायचं खोकं असतं तेव्हा कोणाला लाज वाटत नाही, ते बिनदिक्कत फेकतात. पण तुझा डबा हातात घेतला की दुकानातला वाटतच नाही, शेजारणीचा वाटतो. आणि शेजारणीचा डबा रिकामा कसा द्यायचा?

का वाटतो तसा, ते तुला माहीत आहे. तू आईच्या डब्यावरून तर काढलास तो. त्या उन्हाळ्यात फरशीवर पालथा पडून तिच्या जुन्या डब्याचा काठ दोऱ्याने मोजत होतास. झाकण कानाशी धरून पुन्हा पुन्हा लावायचास, तो टक् आवाज प्लास्टिकमधून कसा काढायचा म्हणून. साचेवाल्याला वेड लागायची पाळी आली होती. आवाज जमला तेव्हा तू मला मशीनवरून ओढून नेलंस ऐकवायला. अति तेथे माती म्हणतात ना, तसं झालं बघ. तू डबा इतका आपला केलास की लोकांनी तो आपलाच करून टाकला.

मग मी घरी आले आणि आईला म्हटलं, सुरुवात आपल्यापासून. कोठीतले निळे डबे काढ. ती कोठीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. गुडघा दुखणारी बाई! "ते माझ्या लेकाचे आहेत. ते मी देणार नाही."

"अगं, ते खानावळीचे आहेत. तू जेवण आणून आणून जमवलेस."

"मग काय झालं? तो येईल तेव्हा भरून द्यायला लागतील."

मी बाहेर येऊन उगाच अंगण झाडलं. सकाळीच झाडलं होतं. तू शेवटचा आलास ते निळ्या डब्यांची पहिली खेप निघाली तेव्हा. त्यानंतर तुझी पार्सलं येतात. आईला शाल आली, मला घड्याळ आलं. घड्याळ वेळ बरोबर दाखवतं, माणूस दाखवत नाही.

हे लिहायचं नव्हतं मला. डब्यांचं लिहायचं होतं. डब्यांबाबत मी काहीतरी केलंय आणि ते तुला आवडणार नाही.

काकूंचा माणूस दारात उभा आहे. उरलेल्या डब्यांवरून आज दोन खानावळी भांडताहेत. जाते, नाहीतर एकमेकांच्या डोक्यात झाकणं घालतील.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी

खटपट्या,

आज आशीर्वाद शेवटी देते. आधी वाच.

तुझा फोन आला तेव्हा मी घेतला नाही. आईने घेतला, आणि तिने तुला सांगितलं की ताई कामात आहे. मी कामात नव्हते. मी समोर बसून टाळक्यावर हात ठेवून ऐकत होते. तू तिला म्हणालास, "ताईला सांग, काही बिघडलं असेल तर नवीन डबे ओतून घे, साचा आहे ना तिच्याकडे."

साचा नाही. म्हणजे आहे, पण तुझा नाही उरला. मी तो कापून घेतला.

लोखंडाचा साचा म्हणजे काय, हे तुझ्यापेक्षा कोणाला जास्त कळणार? एकदा कोरलं की कोरलं. साचेवाल्याने मशीन सुरू करायच्या आधी मला चारदा विचारलं. "ताई, नक्की ना? लोखंड पुन्हा जोडता येत नाही. भावाला विचारलंत?" मी म्हटलं, विचारलंय. खोटं बोलले. विचारलं असतं तर तू "थांब" म्हणाला असतास, आणि मी थांबले असते, आणि महिना संपला असता.

काठाची ती खाच घासून काढली. आता टक् वाजत नाही. झाकण नुसतं बसतं, मुकाट्याने. गोलाई मोडून कोपरे काढले, म्हणजे घरातल्या कुठल्याच फळीवर तो नीट राहत नाही. आणि झाकणावर हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत कोरून घेतलं: परत द्या.

रंगाचं तर विचारूच नकोस. नवीन प्लास्टिक घ्यायचं नाही हा तुझाच नियम. मग तू आधी करून बघितलेले नारिंगी, हिरवे, गुलाबी नमुन्याचे डबे माळ्यावर पडले होते ना, ते काढले. शेडमधले फुटके निळे, मसाल्याने पिवळे पडलेले निळे, सगळे एकाच जातीचे, सगळे अन्नाचेच. चुरा केला, धुतला, वितळवला. बाहेर जे आलं त्याला रंग म्हणवत नाही. धुण्याच्या पाण्यात चार रंगीत कपड्यांचा रंग गेल्यावर पाणी दिसतं ना, तसं काहीतरी. साचेवाला पहिला डबा हातात धरून म्हणाला, "ताई, असा डबा माझ्या हातून निघाला हे कुणाला सांगू नका."

आणि खटपट्या, तो परत येतो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी हातगाडी भरून आली तेव्हा मला वाटलं, चुकून कुणाच्या तरी घरचं सामान आणलं. लोक तोंड वाकडं करून काउंटरवर आपटतात आणि जातात. रिकामे. बेधडक रिकामे! कोणाला लाज नाही, कोणाला काही घालून द्यायचं सुचत नाही. काल एक गृहस्थ काकूंच्या खानावळीत तावातावाने भांडायला आले. "हा कसला डबा? पाहुणे येण्याआधी मला पळत पळत परत आणून द्यावा लागला!" मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. काकूंनी खुशीत मला चहा पाजला आणि म्हणाल्या, पिशव्यांची ऑर्डर रद्द केली मी. योजना वाचली. फुटेल तोही परत येतो, कारण घरात ठेवायला कोणाला नको. तू फरशीवर काढलेला गोल आता पुरा होतोय, आणि तो पुरा करायला मला तुझाच डबा मोडावा लागला.

इथवरचं मी तुला अभिमानाने फोनवरही सांगू शकले असते. पत्र लिहायचं कारण पुढचं आहे.

मागच्या वेळी जाताना आपलं वाजलं, तुला आठवतं का माहीत नाही. मला आठवतं. मी म्हणाले होते, झाकणाची खाच धुताना अडते, ब्रश आत जात नाही, जरा उथळ कर. तू बॅग भरत होतास. मान वर न करता म्हणालास, "ताई, डबा माझा, धुणं तुझं. ज्याचं त्याने बघावं." उचलली जीभ लावली टाळ्याला. तुला घाई होती, गाडी सुटत होती, मला सगळं मान्य. पण तू गेल्यावर मी दिवसभर ती खाच घासत बसले होते. त्यानंतर डबा धुताना रोज ती खाच लागायची आणि रोज तू ते बोलायचास.

तर साचेवाल्याने "नक्की ना?" विचारलं तेव्हा मी "काप" म्हणाले, ते योजनेसाठी म्हणाले की त्या खाचेसाठी, हे मला सांगता येत नाही. किती दिवस मनाला विचारतेय. म्हणून एका जागी बसवत नाही. वाफेत उभी राहते, अंगणात जाते, परत वाफेत येते. योजनेसाठी केलं असं तुला लिहून टाकलं असतं तर तू रागावला असतास आणि मग समजून घेतलं असतंस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. पण साचा कापताना त्या खाचेवर मशीनचं पातं टेकलं, ठिणग्या उडाल्या, आणि मला बरं वाटलं. एक क्षण खूप बरं वाटलं. मग फरशीवर पालथा पडलेला तू आठवलास, कानाशी झाकण धरलेला, आणि मी साचेवाल्याच्या दुकानाबाहेर येऊन रडले. त्याने मला पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, धूर डोळ्यांत गेला.

डबा मोडला याचं मला वाईट वाटत नाही. तो मोडायलाच हवा होता आणि पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा मोडेन. तुझ्याशी न बोलता मोडला, त्याचं वाटतं. आणि तुझी बढती त्यात गेली तर काय, हा विचार आला की ताटावरून उठते.

आता आणखी एक ऐक, म्हणजे तुझी ताई किती साधी भोळी आहे ते कळेल. परवा मला वाटलं, तुझं काम तर वाचवू. आईच्या कोठीत निळे डबे आहेतच. ते काढून भिंतीला नीट चळत लावली तर फोटोत अख्खी भिंत भरल्यासारखी दिसेल. ती माणसं येतील, बघतील, जातील. तुझं भलं होईल, कोणाला काही कळणार नाही. आईला सांगितलं. मला वाटलं होतं, दाराला पाठ लावील. पण "त्याच्यासाठी आहे ना?" म्हणाली आणि बाजूला झाली. स्वतः एकेक डबा पुसून माझ्या हातात दिला. मी चळत लावली, फोटो काढला. फार सुंदर दिसतो रे तुझा डबा. तसा डबा मी दुसरा पाहिला नाही.

आई चळतीसमोर स्टुलावर बसून बघत होती. मग म्हणाली, "त्याची ती माणसं हा डबा घेऊन जातील, आणि त्यांच्या गावातल्या बायका पण तो कपाटात ठेवून बसतील. नाही का?" मी म्हटलं, हो. "मग त्याला पुन्हा कोणीतरी सांगणारच ना, डबा येत नाही म्हणून? ते परक्याने सांगण्यापेक्षा तू सांग. आणि त्याला म्हणावं, लोकांना दाखवायला येऊ नको. बघायला ये."

फोटो मी पाठवत नाही. मागितलास तरी देणार नाही.

तू त्या माणसांना काय सांगायचं ते तू ठरव. येऊ नका म्हण, किंवा घेऊन ये आणि खरं काय ते दाखव. माझा डबा दाखवायची लाज वाटली तर मी समजेन, मलाही वाटते. पण मनातलं सांगू? काकूंच्या काउंटरवर तो रंग उडालेला डबा आपटला जातो ना, तो आवाज तुझ्या टक्पेक्षा मला गोड वाटतो. तू तो एकदा ऐक. मग माझ्याशी भांड. भांडायला ये रे, पण ये.

आणि खाच नसलेलं झाकण धुवायला किती सोपं असतं, तेही तुला दाखवायचंय. हात ओले करून बघ जरा. डबा आणि धुणं वेगळं नसतं, मी तेव्हा हेच म्हणणार होते. तुझी गाडी सुटत होती म्हणून राहिलं.

या पत्राबरोबर पार्सलात एक डबा पाठवतेय, नवीनातला, त्यातल्या त्यात बरा निवडून. कडेला नारिंगी रेघ उतरली आहे, ती तुझ्या पहिल्या नमुन्यातली असणार. मी रिकामाच बांधत होते, पण आईने हातातून ओढून घेतला आणि भाजलेले शेंगदाणे भरले. तू लहानपणी खिशात घालून शाळेत न्यायचास तसे, सालासकट. झाकण वाजलं नाही तेव्हा ती म्हणाली, बसलं का गं नीट? मी म्हटलं, बसलं.

झाकणावर काय लिहिलंय ते वाच. नियम सगळ्यांना सारखा, करणाऱ्यालाही. पोस्टाने पाठवू नकोस, तो मी घेणार नाही. स्वतः आण.

आई शेजारीच बसली आहे. लिही म्हणते, म्हणून तिचेच शब्द लिहिते. आयुष्यात तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकतेय, तेव्हा नीट वाच: "त्याला सांग, रिकामा आणलास तरी चालेल."

आशीर्वाद, खूप.

तुझी,
धुणारी ताई